हे बटन बंद करू नये

माझा स्वभाव संशयी आहे हे मी आधीच सांगून टाकतो, नाहीतर घरचे सांगतीलच. नागपूरच्या महाल भागात वडिलांचं छोटं दुकान होतं. दुकान बंद केलं की ते कुलूप तीनदा ओढून पाहायचे, दहा पावलं जायचे, परत यायचे आणि चौथ्यांदा ओढायचे. घरात त्यांचा दुसरा नियम होता: खोलीतून जो शेवटी निघेल त्यानं बटन बंद करायचं. दिवा असो, पंखा असो, रेडिओ असो. माणूस बाहेर आणि बटन चालू असं दिसलं की ते भरल्या ताटावरून उठवायचे. हे दोन्ही गुण माझ्यात पुरेपूर उतरले. बायको म्हणते, देवळात हात जोडतानाही यांचा एक डोळा चपलांवर असतो. असतोच. दोन जोड्या गेल्यात माझ्या.

ऐंशीच्या दशकात मी सिव्हिल लाइन्समधल्या एका ऑफिसात होतो. कन्हानकडच्या खाणींना लागणारे यंत्रांचे सुटे भाग कुठल्या गोदामात किती आहेत, कुठून कुठे पाठवायचे, याच्या याद्या सांभाळणं हे आमचं काम. आधी हे सगळं कार्डांवर होतं. मग एक दिवस ट्रकमधून कॉम्प्युटर आला. कपाटाएवढा. त्याच्यासाठी खास खोली बांधली, तिला एसी लावला. नागपूरच्या उन्हाळ्यात मोठ्या साहेबांच्या केबिनमध्येसुद्धा वाळ्याचा कूलर होता, आणि इथे एका लोखंडी कपाटाला एसी. लोक बघायला यायचे, जोडे बाहेर काढून. मी मशीनवरही लक्ष ठेवायचो आणि जोड्यांवरही.

मला दोन आठवडे शिकायला पाठवलं होतं, म्हणून मशीन माझ्या ताब्यात. शेजारच्या हॉलमध्ये सहा पडदे होते, त्यांवर सहा जणी याद्या भरायच्या. पण मशीनच्या खोलीत एक वेगळी वस्तू होती, तिला कन्सोल म्हणायचे. टाइपरायटरसारखी दिसायची: खाली अक्षरांच्या कळा, वर घड्यांचा लांबलचक कागद, पडदा नाहीच. एका जाड करड्या तारेनं ती मशीनच्या पहिल्या सिरियल पोर्टला, म्हणजे पाठीमागच्या पहिल्या खाचेला, जोडलेली होती. आपण टाइप करायचं, मशीन कागदावर खडखडत उत्तर द्यायचं. हॉलमधले सहाही पडदे मेले, मशीन पार आडवं झालं, तरी ही एक तार जिवंत राहायची. मशीनला उठवायचं ते इथूनच. आणि इथून उठवताना मशीन ना नाव विचारायचं ना परवलीचा शब्द.

शिकवणाऱ्यांनी आम्हाला बजावलं होतं, "कन्सोलपाशी ज्याचं बूड, त्याचं मशीन. तिथे कुणाला बसू देऊ नका." दोन आठवड्यांत त्यांनी पुष्कळ काही सांगितलं. माझ्या डोक्यात हे एवढं वाक्य घट्ट बसलं. पेरणाऱ्यानं पेरलं आणि जमीनही अशी मिळाली.

म्हणून मी नियम केला. चहा मी खोलीतच घ्यायचो, पण दुपारी जेवायला स्कूटरवर घरी महालात जायचो, तास-सव्वा तास लागायचा. निघताना कन्सोलचं बटन बंद. बाजूच्या काळ्या बटनाला अंगठा लावला की खट्ट आवाज यायचा, आतला पंखा थांबायचा आणि माझ्या जिवाला बरं वाटायचं. मशीन चालूच राहायचं, हॉलमधले पडदे चालू राहायचे, फक्त हे दार बंद. वडील असते तर पाठ थोपटली असती.

त्या सहा जणींपैकी एक कामठीहून यायची. पंचवीस-सव्वीसची असेल. घरी हातभर जागेत चार पॉवरलूम, वडील आणि भाऊ मागावर. ती सकाळच्या बसनं यायची. बाकीच्या दुपारी घरी जात किंवा बाहेर टपरीवर जात. हिला कामठी लांब, म्हणून ती डबा आणायची आणि मशीनच्या खोलीत दाराजवळच्या स्टुलावर बसून खायची. परवानगी मीच दिली होती. एसी बंद पडला तर कुणाला तरी कळायला हवं, म्हणून. तिची नोकरी कच्ची होती, दर सहा महिन्यांनी मुदत वाढायची. तीन वर्षं झाली होती आणि येत्या मार्चअखेर तिला कायम करायचं की घरी पाठवायचं हे ठरणार होतं. तिच्या घरात पगाराची नोकरी अशी ही पहिलीच. मागावरचं काम आज आहे, उद्या नाही, हे तिनं मला एकदा सांगितलं होतं. कायम करण्याच्या कागदावर पहिला शेरा माझा लागायचा.

संत्र्याचा हंगाम सुरू झाला आणि मशीननं दुपारी बंद पडायला सुरुवात केली.

मी जेवून यायचो तर हॉलमध्ये पडदे गोठलेले. कन्सोल चालू करून एक कळ दाबली की कागदावर तीन बाण उमटायचे. त्याचा अर्थ: मशीनला कुणीतरी थांबवलंय आणि ते पुढच्या हुकमाची वाट पाहतंय. मग मी त्याला नव्यानं उठवायचो. ते उठताना आपल्या पोटातल्या सगळ्या नोंदी तपासायचं आणि प्रश्न विचारायचं: हा तुकडा कुणाचा आहे माहीत नाही, टाकून देऊ? होय. ही नोंद अर्धवट आहे, पुसू? होय. होय म्हणण्यावाचून इलाज नसे. पाऊण तास खडखड चालायची आणि शेवटी सकाळभर सहा जणींनी भरलेल्यापैकी बरंच काही गेलेलं असायचं. त्या पुन्हा भरायला बसायच्या. मोठे साहेब दारात येऊन उभे राहायचे, काही बोलायचे नाहीत. न बोलणारा साहेब फार वाईट.

आता माझा हिशोब ऐका. मशीन थांबवण्याचा हुकूम फक्त कन्सोलवरून देता येतो, हे मला शिकवलं होतं. म्हणजे कुणीतरी कन्सोलपाशी बसलं. मी बंद केलेलं बटन चालू केलं, हुकूम दिला, बटन परत बंद केलं. पण मग त्या हुकमाची नोंद कागदावर उमटायला हवी होती. कागद कोरा! म्हणजे तेवढा कागद फाडून नेला. दुपारी त्या खोलीत असतं कोण? एकच माणूस. दोन आणि दोन चार करायला मला वेळ लागला नाही.

आणि पुरावा वाढत चालला. बायको माहेरी गेली की मी डबा आणून खोलीतच जेवायचो. त्या दिवसांत मशीन एकदाही बंद पडलं नाही. मी असलो की चोराची हिंमत होत नाही, दुसरा काय अर्थ निघतो? मी गेलो म्हणजे रोज बंद पडायचं असंही नव्हतं. आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा. चोर हुशार असेल तर तो रोज कशाला करेल?

मी कागदाच्या प्रत्येक घडीवर पेन्सिलीनं बारीक सही करायला लागलो. जेवून आलो की घड्या मोजायचो. एकही कमी नाही, आणि मशीन बंद. मग एक दिवस बायकोच्या साडीचा एक धागा खिशात घालून नेला. अक्षरांच्या कळांवरून तो आडवा टाकला, दोन्ही टोकं कळांच्या फटीत अडकवली. कुणी एक कळ जरी दाबली असती तरी धागा निसटला असता. परत आलो. धागा जागच्या जागी. मशीन बंद.

दुसऱ्या कुणाला इथे शंका आली असती की कळा कुणी दाबल्याच नसतील. मला काय वाटलं? मागावर वाढलेली मुलगी. तुटलेला धागा कुठे तुटला ते कळू नये असा जोडणं ज्यांचा डाव्या हातचा मळ, त्यांना एक धागा उचलून परत ठेवायला कितीसा वेळ लागणार! मी त्या दिवशी घरी जाताना चक्क शीळ वाजवत गेलो. आता लिहिताना कान तापतात.

तिनं मला सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. डिसेंबरात एकदा, मी तीन बाणांकडे बघत दात खात होतो तेव्हा ती दारातून म्हणाली, "साहेब, एक सांगू का? राग नका मानू. तुम्ही जेवाले गेल्यावरच हे होऊन राहिलं."

"ते मलाही दिसतं," मी म्हणालो.

"तसं नाही. जाताना तुम्ही ते बटन बंद करता ना. मले वाटते त्याच्यानंच होते."

मी तिला समजावून सांगितलं की मशीन हे कपाटात आहे आणि ही नुसती टाइप करायची वस्तू. दिव्याचं बटन बंद केलं म्हणून पंखा थांबतो का? जानेवारीत तिनं पुन्हा विषय काढला. "आमच्या घरी चार माग आहेत साहेब. एकाचं बटन खाडकन बंद केलं का बाजूच्या मागावरचा धागा तुटते. काहून तुटते ते नाही माहीत मले. पण तुटते."

"हे पॉवरलूम नाही, बाई," मी म्हणालो. हॉलमधल्या दोघी-तिघी हसल्या. मला त्या हसण्याचं बरं वाटलं, हेही सांगायलाच हवं.

त्यानंतर दोन दिवसांनी मी दुपारी निघताना अंगठा बटनाकडे नेला तर तिथे चिठ्ठी. वहीच्या कागदाचा चौकोन, खळीनं चिकटवलेला, निळ्या शाईत गोल अक्षर: "हे बटन बंद करू नये." खाली नाव नाही, पण अक्षर मी ओळखत होतो.

माझं डोकंच फिरलं. माझ्या खोलीत, माझ्या मशीनवर, मलाच सूचना? आणि सूचना काय, तर मी नसताना हे दार उघडं ठेवा! चोरानं येऊन सांगावं की कुलूप लावत जाऊ नका, असं झालं. मी चिठ्ठी खरवडून काढली. फाडून टाकणार होतो, पण संशयी माणूस कागद फाडत नाही. खिशात ठेवली.

फेब्रुवारीत तिचा कागद माझ्याकडे आला. मी शेरा लिहिला. तो मला अजून पाठ आहे. "सदर कर्मचारी यांचे काम समाधानकारक आहे. तथापि माझ्या अनुपस्थितीत कन्सोल चालू राहावा असा त्यांचा आग्रह असून त्यामागील हेतू संशयास्पद वाटतो. सोबत त्यांच्या हस्ताक्षरातील चिठ्ठी जोडली आहे." चिठ्ठी टाचणीनं लावली आणि फाईल वर पाठवली. त्या 'तथापि'नं तिची नोकरी गेली.

एकतीस मार्चला तिनं टेबल पुसलं, हॉलच्या कपाटाची किल्ली माझ्यापुढे ठेवली. रडली नाही, भांडली नाही. एवढंच म्हणाली, "उद्यापासून मी नाही. मशीन बंद पडली तर आता कोणाचं नाव घ्यान, साहेब?" मी फाईलमध्ये डोकं घातलं. बाहेर व्हरांड्यात बसणारा आमचा म्हातारा चपराशी तिच्या मागोमाग फाटकापर्यंत गेला आणि बराच वेळ परत आला नाही. मी त्याचीही मनात नोंद करून ठेवली.

पुढचे चार दिवस मशीन घड्याळासारखं चाललं. मोठे साहेब प्रथमच हसले. "सुंठीवाचून खोकला गेला," म्हणाले. मी घरी संत्र्याची बर्फी नेली. पाचव्या दिवशी जेवून आलो तर पडदे गोठलेले.

मी हादरलो, पण शहाणा झालो नाही. माझी नजर चपराशाकडे वळली. फाटकापर्यंत गेला होता तो. तिनं त्याला काही शिकवून ठेवलं असेल! दुसऱ्या दिवशी जेवायला निघताना मी खोलीला कुलूप घातलं, किल्ली खिशात. कुलूप तीनदा ओढलं, पायरी उतरून परत आलो, चौथ्यांदा ओढलं. जेवून आलो. कुलूप तसंच, आत कुणी नाही, मशीन बंद. चपराशी माझा चेहरा बघून म्हणाला, "साहेब, आता माह्यावर शक घेऊ नका गा. मी तर बाहेर होतो. किल्ली तुमच्या खिशात होती." वयानं तो माझ्या वडिलांसारखा. साहेब म्हणून वर गा म्हणायचा, त्याला कुणी हरकत घेत नसे. मी खोलीचं छत न्याहाळत उभा राहिलो, एसीच्या भोकातून माणूस आत येईल का ते पाहत.

एप्रिलच्या शेवटी मशीनची वार्षिक तपासणी करायला बाहेरगावाहून इंजिनिअर आला. तरुण होता, घामानं निथळत होता. सकाळभर त्यानं मशीनच्या आतल्या सर्किटच्या पाट्या काढल्या, फुंकर मारली, परत बसवल्या. दोष काही सापडेना. एक वाजला. मी म्हटलं, चला, घरी जेवू, आंब्याचा रस केलाय. तो पिशवी उचलून दाराशी गेला. मी नेहमीप्रमाणे कन्सोलच्या बटनाला अंगठा लावला. खट्ट.

"अहो, काय केलंत?" तो ओरडला.

"बंद केला. जेवायला चाललो ना."

त्यानं पिशवी खाली टाकली, धावत येऊन बटन चालू केलं, कळ दाबली. तीन बाण.

"थांबलं मशीन," तो म्हणाला. "तुम्ही थांबवलंत."

मग त्यानं सांगितलं ते मी उभ्यानंच ऐकलं. मशीन या एका तारेवर सतत कान लावून असतं. तारेवर लांब खंड पडला की त्याचा अर्थ मशीनच्या भाषेत असा: हातातलं सगळं सोड, थांब, मला बोलायचं आहे. आणीबाणीची सोय म्हणून ती मुद्दाम ठेवलेली आहे. त्यासाठी कळफलकावर वेगळी कळ आहे, पण बटन बंद केलं तरी बऱ्याचदा तसाच खंड पडतो. कधी पडतो, कधी नाही, वीज कशी ओसरते त्यावर. म्हणजे मी रोज मशीनला म्हणायचो, थांब, मला बोलायचंय, आणि स्कूटर काढून महालात जेवायला जायचो. मशीन बिचारं वाट पाहत बसायचं. त्यानं आपण थांबल्याचं सांगितलेलं कागदावर उमटायचं कसं? कागदाचं यंत्र मी बंद करून गेलेलो.

"तुम्ही मग काय करता?" त्यानं विचारलं.

"नव्यानं उठवतो. तपासणी होते. जे अर्धवट असेल ते पुसतो."

"कशाला?" त्यानं एक अक्षर टाइप केलं. हॉलमधून कळांचा आवाज सुरू झाला. पडदे जिथे थांबले होते तिथून पुढे चालू. काही गेलं नव्हतं. हिवाळाभर त्या सहा जणींची मेहनत मी माझ्या हातानं, होय होय म्हणत, पुसली होती. काखेत कळसा म्हणतात तो मी अंगठ्याखाली घेऊन गावभर फिरत होतो.

जेवताना त्यानं रसाच्या दोन वाट्या घेतल्या. माझी वाटी तशीच राहिली. संध्याकाळी त्यानं तपासणीचा अहवाल लिहून माझ्या हाती दिला. इंग्रजीत होता, पण शेवटची ओळ मराठीत आणली तर तिच्या चिठ्ठीतलीच व्हायची, शब्दाला शब्द.

आठ दिवस मी कुणालाच काही बोललो नाही. बटन बंद करत नव्हतो, मशीन बंद पडत नव्हतं, सगळे खूश. चोर सापडला होता आणि मी त्याला पाठीशी घालत होतो. रात्री झोप लागेना. शेवटी एका रविवारी कामठीची बस धरली.

पत्ता चपराशानं दिला. का हवा ते त्यानं विचारलं नाही. गल्लीत शिरलो तर दोन्ही बाजूंनी मागांची खडखड, बोललेलं ऐकू येईना. ती दारात आली. हाताला सुताचे तंतू लागलेले. आत तीही मागावर बसत होती आता.

"ते बटनानंच होत होतं," मी म्हणालो. आवाजामुळे मला ते मोठ्यानं, जवळजवळ ओरडून सांगावं लागलं.

"मी सांगितलं होतं."

"हो."

"दोन डाव सांगितलं. चिठ्ठी बी लावली."

"हो. माझं चुकलं, बाई."

मला वाटत होतं, आता ती म्हणेल, जाऊ द्या साहेब. माणसं म्हणतात तसं. ते ऐकायलाच तर मी आलो होतो. ती म्हणाली, "इथे गल्लीत येऊन सांगून काय फायदा? ज्या कागदावर माह्या नावानं लिहिलं ना, त्याच्याच खाली लिहा." आतून वडिलांनी कोण आहे म्हणून विचारलं. "ऑफिसचे आहेत," ती म्हणाली आणि मला पाणी आणून दिलं. बसा म्हणाली नाही.

परतीच्या बसमध्ये मला तिचाच राग आला, हेही लिहून टाकतो. घरापर्यंत आलो, चूक कबूल केली, अजून काय हवं? त्या वर्षी माझ्या बढतीचा विषय निघणार होता. स्वतःच्या हातानं असं लिहिणं म्हणजे पायावर धोंडा मारून घेणं. पण सोमवारी मी प्रशासनातून ती फाईल मागवली. उघडली. माझा शेरा, आणि त्याला टाचणीनं लावलेला वहीचा चौकोन. हे बटन बंद करू नये. सगळं उत्तर तिथे लिहिलेलं होतं, माझ्याच टाचणीनं लावलेलं, आणि ते तिच्याविरुद्धचा पुरावा म्हणून मी वर पाठवलं होतं.

मी त्याच कागदावर खाली लिहिलं. मशीन माझ्या चुकीनं बंद पडत होतं, सदर कर्मचारी यांनी तोंडी दोन वेळा व लेखी एक वेळा खरे कारण मला कळवले होते, माझा वरील शेरा निराधार आहे. इंजिनिअरचा अहवाल जोडला. मोठ्या साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "हे लिहायलाच हवं होतं का? नुसतं परत बोलावलं असतं काही निमित्तानं." त्यांनाही गल्लीतलं बोलणंच पसंत होतं. मी म्हटलं, लिहायलाच हवं होतं. माझी बढती त्या वर्षी झाली नाही. तिची ऑर्डर निघायला दिवाळी उजाडली.

ती परत आली, पक्की होऊन. त्याच हॉलमध्ये, त्याच पडद्यावर. मला वाटलं आता गंगेत घोडं न्हालं. ती नीट बोलायची, काम चोख, साहेब म्हणून मान ठेवायची. फक्त दुपारी एक वाजला की डबा घेऊन खोलीच्या बाहेर, व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसायची. आत स्टूल तसंच होतं. हिवाळ्यात मला ते लक्षात आलं नाही. हिवाळ्यात नागपूरला ऊन सगळ्यांनाच हवंसं वाटतं. मग मे आला. व्हरांड्यात हवा तव्यावरून यावी तशी येत होती, चपराशी डोक्याला ओला पंचा बांधून बसायचा. आणि ती तिथेच बाकावर.

"आत बसा ना," मी म्हणालो. "एसी आहे."

"नाही साहेब. इथेच बरं आहे."

"अहो, ऊन लागेल."

"लागू द्या. आत होती असं तर कोणी म्हणणार नाही."

मी खोलीत परत आलो. कन्सोलचा पंखा मंद घुमत होता. त्या दिवशी मी जेवायला घरी गेलो नाही. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन आलो आणि एक वाजता तो घेऊन व्हरांड्यात गेलो. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलो. बाक चटका देत होता. तिनं आपला डबा थोडा सरकवून मला जागा केली. मग विचारलं, "आत कोण आहे?"

"कोणी नाही."

"कुलूप?"

"नाही लावलं."

तिनं डब्याच्या झाकणावर ठेवलेला हात उचलला, उठली आणि आत गेली. उघड्या दारातून मला दिसलं: ती कन्सोलपाशी वाकली, बटन चालू आहे ना ते पाहिलं, एक बोट लावून पुन्हा पाहिलं. मग बाहेर येऊन बसली आणि डबा उघडला.